मृत्यू कमी झाले, पण कशामुळे? घटसर्पाच्या इतिहासातला एक प्रश्न

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एक आलेख पाठवला. तिचं बाळ दीड महिन्याचं झालं होतं आणि पेंटाव्हॅलेंटचा पहिला डोस दोन दिवसांवर आला होता. आलेख इंग्लंडचा. आडव्या अक्षावर एकोणिसाव्या शतकापासूनची वर्षं, उभ्या अक्षावर लहान मुलांचे मृत्यू. गोवर, स्कार्लेट फिवर, डांग्या खोकला, घटसर्प अशा चार रेषा, आणि चारही रेषा लस येण्याच्या बऱ्याच आधीपासून खाली उतरत आलेल्या. सोबत तिचा प्रश्न: "ताई, हे खरं आहे का? खरं असेल तर एवढ्याशा बाळाला कशाला टोचायचं?"

"फेक आहे गं" एवढं लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण आलेख फेक नव्हता. त्या रेषा खरंच तशाच उतरल्या आहेत. स्कार्लेट फिवरवर तर लस कधी सर्रास वापरातच आली नाही, तरी त्याचे मृत्यू जवळजवळ संपले. मग घटसर्पाचं श्रेय लशीला का द्यायचं? माझं पीएचडीचं काम जिवाणूंच्या विषांवर आहे, घटसर्पावर नाही, पण उत्तर देणं भाग होतं. दोन दिवस जुने पेपर उकरत बसले, त्यातून हा लेख झाला. तुमच्यापैकी जे पेट, नेटचा अभ्यास करतायत त्यांनी 'नियंत्रित गट' ही संज्ञा पाठ केलेलीच असेल. ती कुठल्या गरजेतून आली, हे या रोगाच्या इतिहासात फार छान दिसतं.

आधी नावाबद्दल थोडंसं. मी घरी फोनवर घटसर्पाच्या लशीचं बोलत होते तर बाबा म्हणाले, "ती तर पावसाळ्याआधी म्हशींना देतात." त्यांचंही बरोबर आहे. मराठीत घटसर्प म्हणजे माणसाचा डिप्थेरिया, आणि गाई-म्हशींचा गळा सुजवणारा एक वेगळाच रोगही. दोन्हींचे जिवाणू वेगळे, एकमेकांशी संबंध नाही. जुन्या मराठी नोंदींवर कोणी काम करणार असाल तर 'घटसर्पाने इतके दगावले' या वाक्यातले दगावलेले माणसं की गुरं, हे आधी तपासा.

माणसाच्या घटसर्पात घशात राखाडी, चामड्यासारखा चिवट पडदा धरतो. ओढायला गेलं तर रक्त येतं. तो खाली श्वासनलिकेपर्यंत पसरला की मूल गुदमरतं. स्पेनमध्ये या रोगाला 'गारोतियो' म्हणत. गळा आवळून देहदंड देण्याच्या यंत्रावरून हे नाव पडलं. १६१३ हे साल तिथे 'गारोतियोंचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं. १७३५ पासून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात घशाच्या रोगाची जी साथ पसरली, तिच्यात काही घरांत एकही मूल उरलं नाही. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या तूर गावचे डॉक्टर पिएर ब्रेतोनो यांनी रोगाचं नीट वर्णन केलं आणि चामडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. आदल्याच वर्षी त्यांनी गुदमरणाऱ्या चार वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला बाहेरून छेद देऊन तिला वाचवलं होतं. त्याआधीचे त्यांचे प्रयत्न फसले होते. श्रीमंतीने या रोगापासून बचाव होत नव्हता. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची मुलगी ॲलिस १८७८ मध्ये आजारी मुलांची शुश्रूषा करता करता घटसर्पानेच गेली, तिच्या आधी तिची लहान मुलगी गेली.

१८८३ मध्ये एडविन क्लेब्स यांना पडद्यात जिवाणू दिसला आणि पुढच्या वर्षी फ्रीडरिश लोफ्लर यांनी तो वेगळा करून वाढवला. लोफ्लर यांचा पेपर मी प्रत्येक नव्या संशोधकाला वाचायला लावेन. त्यांनी स्वतःच्या दाव्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी स्वतःच लिहून ठेवल्या: काही अगदी ठळक रुग्णांत हा जिवाणू सापडला नाही, आणि एका निरोगी मुलाच्या घशात मात्र सापडला. आज आपण असं निरीक्षण 'आउटलायर' म्हणून पुरवणीत ढकलतो. पुढे कळलं की ते निरोगी मूल म्हणजे रोगवाहक होतं, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची नोंद होती. त्यांना आणखी एक कोडं पडलं. जिवाणू फक्त घशात असतो, मग बिघाड हृदयात आणि इतर अवयवांत कसा होतो? तो काहीतरी विष सोडत असणार, असा त्यांनी तर्क केला. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सिन यांनी तो सिद्ध केला. जिवाणू वाढवलेला रस्सा चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळून जिवाणू काढून टाकले आणि उरलेला नितळ रस टोचला, तरी गिनीपिग मेले.

डिसेंबर १८९० मध्ये बर्लिनमधून एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांचा पेपर आला. विष टिकवून धरलेल्या प्राण्याच्या रक्तरसात ते विष निष्प्रभ करणारं काहीतरी असतं आणि तो रस दुसऱ्या प्राण्याला दिला तर त्यालाही वाचवतो. शीर्षकात घटसर्प आणि धनुर्वात दोन्ही आहेत, पण आतले प्रयोग मुख्यतः धनुर्वाताचे, म्हणजे कितासातोंचे. घटसर्पाचा तपशील आठवड्याभराने बेरिंग यांच्या एकट्याच्या नावाने आला. १९०१ चं वैद्यकशास्त्रातलं पहिलं नोबेल बेरिंग यांना एकट्यांनाच मिळालं. लेखकांच्या नावांचा क्रम लावताना लॅबमध्ये होणारी धुसफूस काही आजची नाही.

आता मुद्द्यावर येते. हा रक्तरस, म्हणजे प्रतिविष, घोड्यांपासून मोठ्या प्रमाणात मिळू लागला. १८९४ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत रू यांनी आकडे मांडले. पॅरिसच्या बालरुग्णालयात सीरम दिलेल्या ४४८ मुलांपैकी १०९ दगावली, म्हणजे सुमारे २४ टक्के. सीरम नसताना आधीच्या वर्षांत तिथे निम्मी मुलं जात. त्याच काळात शहरातल्या त्रूसो रुग्णालयात, जिथे सीरम दिलं गेलं नव्हतं, तिथलं प्रमाण ६० टक्के होतं. सभेत जल्लोष झाला, 'ल फिगारो' वृत्तपत्राने सीरमसाठी वर्गणी सुरू केली आणि पैशांचा ओघ लागला.

तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? आमचे सर प्रोग्रेस सेमिनारला एकच प्रश्न विचारतात: "कशाच्या तुलनेत?" दोन रुग्णालयांतली मुलं सारखीच आजारी होती का? आधीची वर्षं आणि हे वर्ष, साथीचा जोर सारखा होता का? शिवाय एक छुपी भानगड होती. १८८४ नंतर घशातला स्राव तपासून निदान होऊ लागलं, त्यामुळे पूर्वी 'साधी घसादुखी' म्हणून सोडून दिलेले सौम्य रुग्णही घटसर्पात मोजले जाऊ लागले. छेद फुगला की टक्केवारी आपोआप उतरते, औषध काही करो वा न करो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ मॅक्स कासोविट्झ हे तेव्हाचे कडवे विरोधक. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण अशा शंका मूर्खपणाच्या नव्हत्या. माझ्या बहिणीला आलेला आलेख त्याच शंकेचा वंशज आहे.

उत्तर कोपनहेगनमधून आलं. ब्लेगडॅम रुग्णालयातले योहानेस फिबिगर हे तेव्हा तिशीच्या आतले डॉक्टर, आपल्याच वयाचे म्हणा. मे १८९६ ते मे १८९७ असं पूर्ण वर्ष त्यांनी एक साधा नियम पाळला. एका दिवशी दाखल झालेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत सीरम, दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्यांना फक्त नेहमीचा उपचार, तिसऱ्या दिवशी पुन्हा सीरम. रुग्ण किती गंभीर आहे, डॉक्टरला काय वाटतं, आईवडील किती विनवण्या करतात, यावर काहीच अवलंबून नाही, सगळं तारखेवर. आणि वर्षभर यासाठी की ऋतूनुसार रोगाचा जोर बदलला तरी तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू व्हावा.

सीरम मिळालेल्या २३९ पैकी ८ दगावले. न मिळालेल्या २४५ पैकी ३०.

हे आकडे मी बऱ्याच वेळा वाचले. ३ टक्के आणि १२ टक्के. पॅरिसमधल्या ६० टक्क्यांशी ताडून पाहा: कोपनहेगनमध्ये सीरम न मिळालेल्यांतही १२ टक्केच गेले. म्हणजे फिबिगरनी जर आपल्या सीरमवाल्या गटाची तुलना पॅरिसशी केली असती तर परिणाम कितीतरी पट फुगला असता, आणि तो आकडा खोटा ठरला असता. सीरम उपयोगी होतं हे खरं, पण किती उपयोगी हे बाजूच्या खाटेवरच्या रुग्णाशी तुलना केल्याशिवाय कळणार नव्हतं. नाण्याच्या छापा-काट्यासारखी यादृच्छिक विभागणी इथे नव्हती आणि उद्या काय द्यायचं हे डॉक्टरला आधीच माहीत होतं, त्यामुळे आजच्या निकषांवर ही चाचणी पूर्ण बसत नाही. तरीही १८९८ च्या त्या पेपरला नियंत्रित चाचणीच्या इतिहासात मानाचं पान आहे.

त्या ३० जणांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. सीरम तेव्हा युरोपभर वापरात होतं. पण त्यात धोकाही होता. घोड्याचा रक्तरस अंगात गेल्यावर कित्येकांना ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता, त्याचा रक्तरस वापरला गेला आणि १३ मुलं मेली. अमेरिकेतला लस-सीरमवर नियंत्रण ठेवणारा १९०२ चा कायदा त्यानंतरचा. संशोधनात नैतिकतेचा पेपर सोडवताना या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून विचार करा, सोपं उत्तर मिळत नाही. (जाता जाता: फिबिगरना १९२६ चं नोबेल मिळालं ते यासाठी नाही. कृमींमुळे उंदरांना जठराचा कर्करोग होतो या शोधासाठी, जो पुढे चुकीचा ठरला.)

इथपर्यंत सगळी गोष्ट सीरमची. सीरम लागण झालेल्याला वाचवतं, लागण थांबवत नाही, आणि काही आठवड्यांत शरीरातून निघून जातं. शरीराने स्वतः प्रतिविष तयार करावं यासाठी विषच टोचायला हवं, पण विष टोचलं तर माणूस मरतो. सुरुवातीला विष आणि प्रतिविष मोजून मिसळून देत. बेरिंगनी १९१३ मध्ये हेच केलं. माप चुकलं किंवा बाटली दूषित झाली की अनर्थ. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात २१ मुलांना टोचलं, त्यातली १२ मेली. तिथे दोष मिश्रणाचा नव्हता. बाटलीत जंतुरोधक घातलं नव्हतं आणि पुन्हा पुन्हा सुई खुपसून आत दुसरेच जिवाणू वाढले होते. आज आपल्याकडे दवाखान्यात उघडलेल्या बाटलीवर तारीख-वेळ लिहायला सांगतात ते उगाच नाही.

यातून वाट निघाली ती फॉर्मालिनमुळे. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांना दिसलं की फॉर्मालिनने धुतलेल्या मोठ्या भांड्यांत ठेवलेलं विष मवाळ होतं, पण प्रतिविष जागं करण्याची त्याची ताकद शाबूत राहते. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी फॉर्मालिन आणि मंद उष्णता वापरून हे पद्धतशीरपणे केलं. हेच टॉक्सॉइड. १९२६ मध्ये ग्लेनींनी त्यात तुरटी घालून त्याचा परिणाम वाढवला. आजच्या पेंटाव्हॅलेंटमधला घटसर्पाचा भाग मूळ कल्पनेत शंभर वर्षांपूर्वीचाच आहे.

आता बहिणीच्या आलेखाकडे परत. त्याच्या उभ्या अक्षावर मृत्यू आहेत. मृत्यू १८९५ नंतर उतरणारच होते, कारण सीरम आलं होतं, श्वासनलिकेला छेद देण्याचं तंत्र सुधारलं होतं, राहणीमानही बदलत होतं. आलेख तिथपर्यंत खरं बोलतो. पण लशीचं काम मृत्यू टाळण्याआधी लागण टाळण्याचं आहे, मग तिची परीक्षा रुग्णसंख्येवर घ्यायला हवी. तो अक्ष या आलेखात नाहीच.

रुग्णसंख्या काय सांगते? इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात सीरम होतं, स्वच्छ पाणी होतं, तरी दरवर्षी पन्नास हजारांच्या आसपास मुलांना घटसर्प होतच होता. कॅनडात टोरांटोसारख्या शहरांनी विसाच्या दशकातच टॉक्सॉइड शाळाशाळांतून द्यायला सुरुवात केली आणि तिथे हा रोग दुर्मीळ झाला. ब्रिटनने देशव्यापी मोहीम सुरू केली ती १९४० मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू असताना. त्या वर्षी देशात ६१,००० हून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले. १९५७ मध्ये ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू. याच युद्धकाळात जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेत १९३९ मध्ये शंभरही रुग्ण नव्हते, ते १९४३ मध्ये बावीस हजारांच्या वर गेले. ब्रिटनमध्येही बॉम्ब पडत होते, रेशनिंग होतं, तळघरांत गर्दी होती, मुलं शहरांतून गावांकडे हलवली जात होती. तिथे रुग्ण कमी होत गेले. राहणीमान सुधारल्यामुळे रोग गेला असं म्हणायचं तर १९४० ते १९४५ हा काळ फार गैरसोयीचा आहे.

अर्थात ही फिबिगरसारखी चाचणी नव्हे. दोन देशांत शंभर फरक असतात. म्हणून मला जास्त पटतो तो उलटा पुरावा. सोव्हिएत संघात घटसर्प जवळजवळ संपला होता. ऐंशीच्या दशकात किरकोळ कारणांवरून मुलांची लस टाळली जाऊ लागली, कित्येकांना कमी मात्रेची लस दिली गेली, मोठ्यांची प्रतिकारशक्ती ओसरली होती, आणि मग देशच फुटला. १९९० ते १९९८ मध्ये त्या प्रदेशात दीड लाखाहून अधिक रुग्ण आणि सुमारे पाच हजार मृत्यू झाले. त्यात प्रौढांची संख्या मोठी होती. नंतर मोठ्यांनाही लस देण्याच्या मोहिमा झाल्या आणि साथ ओसरली. गरिबी तेवढ्यात काही संपली नव्हती.

माझ्या विषयाशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घटसर्पाच्या विषाचं जनुक त्या जिवाणूचं स्वतःचं नसतंच. ते त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूचं, म्हणजे बॅक्टेरिओफाजचं असतं, हे व्हिक्टर फ्रीमन यांनी १९५१ मध्ये दाखवलं. फाज नसेल तर तोच जिवाणू विष बनवू शकत नाही. आणि विष इतकं जहाल की त्याच्या सक्रिय भागाचा एक रेणू पेशीत शिरला तरी प्रथिनं बनवण्याचं काम बंद पडून पेशी मरते. आपली लस या विषाविरुद्ध आहे, जिवाणूविरुद्ध नाही. म्हणून लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जिवाणू राहू शकतो. लोफ्लरच्या त्या निरोगी मुलासारखाच.

२०१५ मध्ये स्पेनमधल्या ओलोत गावात हेच झालं. लस न दिलेला सहा वर्षांचा मुलगा आजारी पडला. देशातला जवळजवळ तीस वर्षांतला पहिला रुग्ण. सीरम देशात शिल्लकच नव्हतं, रशियातून आणावं लागलं. मुलगा वाचला नाही. त्याच्या संपर्कातल्या काही मुलांच्या घशात तोच जिवाणू निघाला, पण त्यांनी लस घेतलेली होती, त्यांना काहीही झालं नाही. ज्या देशाने या रोगाला गळफासाचं नाव दिलं, तिथल्या डॉक्टरांच्या एका पिढीने तो डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आपल्याकडे मात्र तो गेलेला नाही. २०१८ मध्ये जगभरात नोंदल्या गेलेल्या सोळा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतातले होते. त्यात पाच वर्षांवरची मुलं बरीच असतात: लहानपणीचे डोस झाले, पुढचे राहिले. आणि सीरम आजही घोड्यांपासूनच बनतं. १९६६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या लस कंपनीच्या नावात 'सीरम' का आहे, हे त्या घोड्यांवरून लक्षात येईल.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं, अर्थात एवढं लांबण न लावता. बाळाचा डोस ठरल्या दिवशी झाला, रात्री थोडा ताप आला, उतरला. दोन दिवसांनी तिचा पुन्हा मेसेज आला. "ताई, बाळाचं झालं. पण त्याला दिवसभर आई सांभाळते. आईला कधी दिली होती?" मावशीचा जन्म १९६२ चा, भारताचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. मावशीला काही आठवत नाही.

मग मी माझं जुनं कार्ड काढलं. दीड वर्षाचा डोस आहे, पाचव्या वर्षाचा आहे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षासमोर शिक्का आहे 'टीटी', म्हणजे फक्त धनुर्वात. त्या वयाला घटसर्पासह असलेली 'टीडी' लस देशाच्या कार्यक्रमात आली ती २०१९ च्या सुमारास, तेव्हा मी कॉलेजात होते. म्हणजे घटसर्पाचा माझा शेवटचा डोस मी पहिलीत जाण्याआधीचा. तुमचंही कार्ड सापडत असेल तर त्या दोन ओळींसमोर काय लिहिलंय ते बघा आणि कमेंटमध्ये सांगा. मावशीला आणि मला घेऊन मी शनिवारी आमच्या डॉक्टरांकडे जाणार आहे.